उमरबोडीची सांजहाक

१

दिवेलागणीची वेळ झाली की केवळराम आपल्या चुलीतले चार निखारे खापरात घेई, त्यावर राख भुरभुरवी आणि दुसऱ्यांच्या चुली पेटवायला निघे. वरच्या टोल्यातली, वरच्या वस्तीतली, नऊ घरं त्याच्या वाट्याची. खालच्या टोल्यातली अकरा म्हातारा बकाराम बघे. उमरबोडीत घरं सव्वीस होती आणि माणसं राहत होती सहा घरांत. मानमोडीच्या साथीनं काही माणसं नेली, बोडीची, गावतळ्याची, पाळ फुटली तिनं पाणी नेलं, आणि उरल्यासुरल्यांना गोंदियाच्या बिडी कारखान्यांनी नेलं. मागे राहिले ते एकतर फार म्हातारे होते, नाहीतर फार हट्टी. केवळराम अजून तिशीचाही नव्हता, तेव्हा तो कशात मोडत होता हे वेगळं सांगायला नको.

ओस घरात चूल पेटवायची ही रीत काही देवाधर्माची नव्हती. मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, कारकून एकदा सांजेला पाळीवर उभा राहून म्हणाला होता, की सहा घरांच्या धुराला गाव म्हणत नाहीत, कागदावर 'रिठी' लिहावं लागेल. रिठी म्हणजे उठलेलं गाव, नुसती जागा. रिठीला कोतवाल नसतो, रस्ता नसतो, आणि बोडीत जे गुडघाभर पाणी उरलं होतं त्यावर हक्कही नसतो. बकारामाचं डोकं त्या दिवशी चाललं. कारकून पुढच्या खेपेला आला तेव्हा सव्वीस घरांवर धूर होता. धूर आहे, पण माणसाची चाहूल कुठे आहे, असं तो कुरकुरला, म्हणून मग हाकाही सुरू झाल्या. कारकुनाला पाळ उतरून चिखलात यायचा कंटाळा होता. त्या कंटाळ्यावर गाव तगून होतं.

हाकेची पद्धत सोपी होती. ओस घराच्या उंबरठ्यावर उभं राहायचं, त्या घरातून गेलेल्या माणसांची एकेक करून नावं घ्यायची, आणि प्रत्येक नावामागे आपणच 'हाव' म्हणायचं. हाव म्हणजे झाडीपट्टीतला हो. बकारामानं या हाकेला दोन नियम घातले होते. "हाक देल्ली का लगेच हाव म्हणाचा, मधात सास घेवाचा नाही," हा पहिला. दुसरा असा, की जो परत येणार आहे त्याच्या नावानं हाक द्यायची नाही. "चूल पेटली तं घर, हाक गेली तं गाव," असं तो वर म्हणे, जणू ही रीत त्याच्या पणज्यापासून चालत आली होती.

केवळरामाला हे सगळं पोरखेळ वाटे. तो दुधात पाणी शोधणारा माणूस, आणि पाणी सापडलं नाही तर दूधच कुणाचं म्हणून विचारणारा. पण त्याची बायको गीता पहिल्या दोन लेकरांना मातीत घालून तिसऱ्या खेपेला बोदलकशाला माहेरी गेली होती आणि तिनं स्पष्ट निरोप धाडला होता: "गाव रिठी होनार असन तं मी लेकरू घेऊन तिकडं येत नाही." तेव्हा गाव रिठी होऊ द्यायचं नव्हतं. बायकोला आणि होणाऱ्या लेकराला आपल्या घरी आणायचं होतं. त्यापुढे नऊ चुली म्हणजे काही फार नव्हत्या.

२

कार्तिकातल्या एका सांजेला तो घनश्यामच्या घरी गेला. घनश्याम त्याचा लहानपणचा सोबती. बायको सुशिलेला घेऊन तो दीड वर्षापूर्वी गोंदियाला गेला होता. केवळरामानं उंबरठ्यावरून हाक दिली, "घनश्याम!" आणि हाव म्हणायला तोंड उघडलं तोच धुरानं त्याला ठसका लागला. चांगला लांबलचक ठसका. डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यानं हाव म्हटलं, सुशिलेच्या नावालाही तसंच ठसकत, उशिरा हाव म्हटलं, आणि चूल पेटवून तो पुढच्या घरी गेला. त्याला त्यात काही वाटलं नाही.

चौथ्या दिवशी वाटलं. घनश्यामच्या चुलीतली राख कुणीतरी काढून नेली होती.

तो खापर हातात धरून तसाच उभा राहिला. राख काढायचा त्याला कंटाळा होता. दीड वर्षाचा ढीग चुलीच्या तोंडाशी साचला होता, तो गेला होता. चूल सारवली होती. सारवण अजून ओलसर होतं आणि त्यावर बोटांच्या रेघा उमटल्या होत्या. चांगल्या सारवणाऱ्या बाईच्या हाताच्या असतात तशा, एकासारख्या एक, कमानीसारख्या वळलेल्या.

केवळरामानं खाली बसून त्या रेघांवरून आपला हात फिरवून पाहिला. हात त्या वळणात बसेना. मग त्यानं डावा हात फिरवला, आणि तो बसला.

सगळ्या उमरबोडीत डाव्या हातानं सारवणारी बाई एकच होती. सुशिलेची सासू तिला त्यावरून उभा जन्म टोचून बोलली होती.

'चोर असेल,' केवळराम मनाशी म्हणाला. पण घरात चोरण्यासारखं काही नव्हतं, आणि चूल सारवून जाणारा चोर त्यानं ऐकला नव्हता. म्हणजे कुणीतरी राहतंय. लपून राहतंय, आणि ते बकारामाला ठाऊक आहे. हा निष्कर्ष निघताच त्याला बरं वाटलं. माणसाची लबाडी असली की तो निर्धास्त असे.

३

दुसऱ्या दिवशी त्यानं घनश्यामच्या दारात आतून बाहेरून धानाचा कोंडा पसरला. मांजर गेलं असतं तरी पाऊल उमटलं असतं. मागचं दार आधीच पडक्या भिंतीनं बुजलं होतं. सांजेला तो खापर घेऊन आला तेव्हा उंबरठा झाडून स्वच्छ होता. कोंडा सुपात भरून कोपऱ्यात ठेवला होता. वाया जाऊ नये म्हणून ठेवतात तसा, वर फडकं टाकून.

त्यानं हाक दिली. ठसका बरा झाला होता, पण कोंड्याकडे बघताना त्याचं हाव एक क्षणभर मागे राहिलं.

"हाव," आतून आलं.

मोठा आवाज नव्हता. कामात असलेल्या माणसानं मान वर न करता म्हणावं तसं. केवळराम आत शिरला. खोली एकच होती, पलीकडे माजघराचा अंधारा तुकडा. त्यानं निखाऱ्याच्या उजेडात चारही कोपरे पाहिले, कणगीत हात घातला, छपराकडे पाहिलं. कवेलू फुटून दोन ठिकाणी आभाळ दिसत होतं. कुणी नव्हतं. रिकाम्या घरात आवाज घुमतो, हे कुणीही सांगेल. आपणच हाव म्हणालो आणि ते घुमून उलट आलं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. आपण हाव म्हणालोच नव्हतो, हे त्याला घरी पोचेपर्यंत आठवायचं नव्हतं, आणि ते नेमकं अंगणातच आठवलं.

सकाळी तो बकारामाकडे गेला. म्हातारा ओसरीवर तंबाखू मळत बसला होता.

"काका, घनश्यामच्या घरात कोन येऊन राहिला आहे?"

"कोनी नाही."

"मंग चूल कोन सारवते?"

"तुह्या वाट्याच्या घरची झाडपूस आयती होऊन राहिली तं तुले कायले दुखते?"

"मले फसवून राहिले का तुमी?"

बकारामानं तंबाखू तोंडात टाकायचं थांबवलं. "हाक देल्ली तवा मधात सास घेतला होता काय तू?"

"ठसका लागला होता एक डाव."

"किती वेळ?"

"ठसक्याले का घड्याळ लावते काका कोनी?"

म्हातारा हसला नाही. त्यानं मळलेला तंबाखू तसाच खाली झटकला. बकारामाला तंबाखू टाकताना केवळरामानं जन्मात पाहिलं नव्हतं. "यानंतर लगेच हाव म्हणत जाय," तो म्हणाला, "आन त्या घरात बसून रायू नोको."

याच्या पोटात काहीतरी आहे, हे केवळरामानं तेव्हाच ओळखलं. काय आहे याचीही अटकळ त्यानं बांधली. पाळ फुटल्यापासून ओल धरून राहिलेली बांधी, धानाचं खाचर, गावात एकच उरली होती, ती केवळरामाची. तिला लागून बकारामाची. केवळराम घाबरून गाव सोडून गेला तर ती कुणाच्या घशात जाईल, हे सांगायला पटवारी नको होता.

४

तरी खात्री करावी म्हणून तो गोंदियाला गेला. तिरोड्याला आगगाडीत बसला, दुपारी उतरला आणि विचारत विचारत बिडीवाल्यांच्या चाळीत पोचला. खरं तर त्याला एकच पाहायचं होतं, घनश्याम आणि सुशिला जिवंत आहेत की नाहीत.

दोघं जिवंत होते. घनश्यामनं त्याला कडकडून मिठी मारली. शेजारचा कुणीतरी "मेहमान आया क्या रे?" म्हणून डोकावून गेला. सुशिलेनं चहा टाकला. केवळरामाच्या मनावरचं ओझं उतरलं, आणि लगेच दुसरं चढलं. ती दोघं मांडीवर सुपं घेऊन बिड्या वळत होती, आणि सुशिला उजव्या हातानं वळत होती. तिच्या बिड्या सैल होत होत्या.

"वहिनी, डावा हात काऊन नाही चालवत?"

"काय करू भाऊजी, सांज होत आली का डावा हात गार पडते. लाकडावानी. सकारी मंग बरा होते."

"बाराबारा घंटे बिड्या वळशीन तं हात गारच पडन," घनश्याम म्हणाला. "माहंही तसंच आहे. सांजचं जेवन मातीवानी लागते. दिवसा भूक लागते, सांजले नाही. जसा काही मी जेवूनच बसलो."

केवळराम हसला. शहराचं पाणी बाधतं म्हणाला. बाहेर दिवे लागत होते. सुशिला त्याला गीतेच्या बाळंतपणाचं विचारत होती, लुगडी किती लागतील ते सांगत होती, आणि सांगता सांगता थांबली. हातातलं पान हातात राहिलं. तिनं मान जराशी वळवली, दाराकडे नाही, भिंतीकडे.

"हाव," ती म्हणाली.

आणि पुन्हा लुगड्यांवर आली. तिच्या आधी घनश्यामही तसाच, ओठातल्या ओठात, तेच म्हणाला होता. केवळरामाला ते आत्ता उमगलं.

"कोनी हाक मारली?" त्यानं विचारलं.

"कोनाले?" सुशिला म्हणाली.

त्याच्या वाट्याच्या चुली तो येईपर्यंत बकारामानं पेटवायच्या असं ठरलं होतं. या वेळी म्हातारा घनश्यामच्या उंबरठ्यावर असणार. केवळरामाला वाटलं, ही दोघं आपली थट्टा करताहेत; बकारामानं यांनाही शिकवून ठेवलं आहे. तो रागानं उठला, जेवायला थांबला नाही, आणि सकाळची गाडी येईपर्यंत स्टेशनच्या बाकावर बसून राहिला. बकारामाचा निरोप इथवर कसा पोचला असेल, याचा त्यानं पुष्कळ विचार केला. त्याला काही सुचलं नाही, पण सुचलं नाही म्हणून संशय सोडून देणारा तो नव्हता.

५

मार्गशीर्षात बोदलकशाहून माणूस आला. मुलगी झाली होती. सव्वा महिना झाला होता, दोघी धडधाकट होत्या. बारसं आपल्याच घरी करायचं असं केवळरामानं आधीच कळवलं होतं, म्हणून पोर बिननावाची होती. नाव त्यानं मनात ठरवलं होतं. त्याची आई जमुना, म्हणून पोरही जमुना. हे त्यानं अजून गीतेलाही सांगितलं नव्हतं.

निरोप ऐकून तो गोठ्यात गेला आणि बैलाच्या मानेवर डोकं ठेवून रडला. दोन लेकरं पुरली होती त्यानं. आता एक घरी येणार होतं.

अडचण एवढीच होती, की मालगुजाराचा कारकून त्याच आठवड्यात पाळीवर येणार होता आणि केवळरामाला जाऊन यायला तीन दिवस लागणार होते. तो बकारामाकडे गेला.

"माह्या घरीही चूल पेटवजा. आन हाक देजा."

"चूल पेटवतो. हाक देत नाही."

"काऊन?"

"तू येऊन राहिला ना परत? मंग तुह्या नावानं हाक नाही. हाक गेलेल्याईची जागा धरून ठेवाले असते."

"कारकुनानं आयकली नाही तं तो माहं घर उठलं म्हणून लिवन."

"लिवू दे. आल्यावर खोडता येते." बकाराम जवळ सरकला, आवाज उतरवून बोलला. "आयक, केवळराम. माह्या वाट्याच्या अकरा घरांची राख मी दोन वर्सापासून काढली नाही. आता चूलही पेटवाले लागत नाही मले. मी निसता रस्त्यानं फिरून येतो. तुले समजते का मी काय सांगून राहिलो?"

केवळरामाला समजलं. निदान त्याला तसं वाटलं. घाबरवून पळवून लावायचं, घर उठलं म्हणून लिहू द्यायचं आणि बांधी घशात घालायची. इतकं सरळ होतं. त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"तुमी नका देऊ. मीच देऊन जातो," तो म्हणाला.

निघायच्या दिवशी गाडी जुंपून तो आपल्याच उंबरठ्यावर बाहेरून उभा राहिला. सूर्य बुडायला टेकला होता. तो बोदलकशाच्या वाटेवर एका ओळखीच्या घरी मुक्काम करणार होता, म्हणून सांजेलाच निघत होता. त्यानं मोठ्यानं हाक दिली, गावाला आणि बकारामाला ऐकू जावी अशी.

"केवळराम! हाव. गीता! हाव."

घरात जेवढी माणसं तेवढ्या हाका. एखादं नाव वगळलं तर घर अपुरं. तिसरं नाव त्यानं पहिल्यांदाच उच्चारलं.

"जमुना!"

आईचं नाव, आणि आता पोरीचं. इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता. हाव बाहेर पडेना. त्यानं डोळे पुसले.

हाव ऐकू आलं मात्र. आपणच म्हणालो असू, असं त्याला वाटलं. नाहीतर कोण म्हणणार? घर रिकामं होतं, त्यानं स्वतः कडी लावली होती. तो गाडीत बसला. वळणावर बकाराम उभा होता. म्हाताऱ्याच्या हातातलं खापर खाली पडून फुटलं होतं आणि निखारे धुळीत विझत होते.

"लेकराचंही नाव घेतला?" त्यानं विचारलं.

केवळरामानं बैल हाकले.

६

चौथ्या दिवशी ऊन उतरताना गाडी पाळीवर चढली. गीता मागे गवतावर बसली होती, मांडीवर पोर. पोर काळीसावळी, कपाळभर जावळ असलेली, आणि तिचा आवाज सहा घरांना पुरून उरेल असा. केवळराम वाटभर मागे वळून वळून बघत होता. दोनदा गाडी चाकोरी सोडून बांधीत उतरली होती आणि गीता हसत होती.

"माय बाप्पा, सगळ्या घरावर धूर आहे व!" पाळीवरून गाव दिसताच ती म्हणाली. "मी तं समजली का गाव उठलं."

केवळरामही बघत होता. धूर होता. त्याच्याही घरावर होता.

खाली उतरताच बकाराम आडवा आला. त्यानं बैलांची वेसण धरली. "मी तुह्या घरी इस्तू नेला नाही," तो परक्या गाडीवानाशी बोलावं तसं पुढे बघत म्हणाला. "तीनही दिवस नाही. तू गाडी फिरव."

"सोडा वेसण, काका."

"लेकरू घेऊन आत जाऊ नोको, केवळराम. हात जोडतो."

म्हाताऱ्यानं खरोखर हात जोडले, आणि वेसण सुटली. केवळरामानं गाडी पुढे काढली, पण पहिल्यासारखी नाही. बैल आपल्या दावणीकडे ओढ घेतात, हे बैल घेत नव्हते.

अंगणात सडा पडला होता. ताजा, दारापासून तुळशीपर्यंत. कडी उघडी होती. आतून सूप पाखडल्याचा आवाज येत होता, आणि कुणी बाई अंगाई गुणगुणत होती. गीतेनं कान दिला आणि तिचा चेहरा उजळला.

"कोन आलं आहे व घरी? हे गानं तं माह्या मायचं आहे. मले वाटे, हे मीच तेवढी म्हणतो."

ती पोर सावरत उतरायला लागली. केवळरामानं तिचा हात धरला. का धरला ते त्याला सांगता आलं नसतं. बैलांच्या पाठीवरून त्याला अर्ध्या उघड्या दारातून आत चूल दिसत होती. चुलीपुढे एक माणूस उकिडवा बसून फुंकणीनं फुंकत होता. पाठ इकडे होती. बंडी खांद्यावर उसवलेली, आणि उसवलेल्या जागी काळ्या दोऱ्याचे ओबडधोबड टाके. हे टाके केवळरामानं गीता नसताना स्वतः घातले होते. ती बंडी या क्षणी त्याच्या अंगात होती.

माणसानं फुंकणी बाजूला ठेवली. सांजेचं काम आटोपल्यावर घरातला माणूस बोलतो तशा निवांत, मायेच्या आवाजात त्यानं कुणालातरी हाक मारली.

"जमुना..."

आवाज ओळखायला केवळरामाला वेळ लागला, कारण आपला आवाज माणूस बाहेरून फारसा ऐकत नाही. त्या माणसाची मान वळू लागली. केवळरामानं ती पूर्ण वळू दिली नाही, म्हणजे बघितलं नाही. त्यानं बैलांना इतक्या जोरात मारलं, की गीता गवतावर आडवी झाली आणि पोर किंचाळून रडायला लागली. गाडी पाळीवर चढेपर्यंत त्यानं मारायचं थांबवलं नाही.

"काय झालं? काऊन फिरवली? कोन होतं घरात?" गीता विचारत राहिली.

"बकारामानं घर बळकावलं," केवळराम म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या संशयावर विश्वास ठेवायची फार इच्छा होती.

७

गोंदियात त्याला धानाच्या गिरणीत काम मिळालं. घनश्यामच्या चाळीतच खोली मिळाली. पोरीचं बारसं तिथंच झालं. नाव ठेवलं प्रेमिला. गीतेला जमुना हे नाव त्यानं कधी सांगितलं नाही, तोंडातूनही काढलं नाही. जे नाव त्या घरात सांडलं ते तिथंच राहू दे, पोर तेवढी आपली, असा त्याचा हिशेब होता.

सांजचं जेवण मातीसारखं लागतं, हे त्याला आठवडाभरातच कळलं. गीतेची तक्रार पायांची होती, अंधार पडला की पाय जड होतात म्हणे. दोघं शहराच्या पाण्याला दोष देत. केवळराम तर मोठमोठ्यानं देई.

पण दिवेलागणीला तो खोलीत असेल तर गप्प बसून वाट बघे. एका ठरावीक वेळी आपले ओठ हलल्याचं त्याला कळे. "हाव," तो म्हणालेला असे. मग गीता, पीठ मळता मळता, भिंतीकडे जराशी मान करून, "हाव." तिला ते कधीच ठाऊक नसे. त्यानंतर केवळराम श्वास रोखून पोरीकडे बघे. तिसऱ्या हाकेची जागा येई आणि जाई. पोर लाकडी बैल जमिनीवर आपटत असे. काही होत नसे. तो श्वास सोडी, तिला उचलून पोटाशी धरी, आणि त्या एका क्षणापुरतं त्याला वाटे, की आपण जिंकलो. असं दोन वर्षं चाललं.

पोर चालायला लागली, पण बोलत नव्हती. प्रेमिला म्हणून हाक मारली तर वळूनही बघत नसे. वैद्यानं टाळ्या वाजवून पाहिल्या आणि कान शाबूत आहेत म्हणून सांगितलं.

"बोलन जी," गीता म्हणे. "काही लेकरं उशिरा बोलते. पयला शब्द बाबा म्हणते का माय म्हणते, थेच पायचं आहे."

मार्गशीर्ष आला. चाळीत कंदील लागत होते. गीता भाकरी थापत होती, पोर तिच्या पदराशी खेळत होती. केवळराम दाराशी बसला होता. त्याचे ओठ हलले. गीतेच्या हातातली भाकरी क्षणभर थांबली, तीही म्हणाली, आणि भाकरी तव्यावर गेली.

पोरीनं लाकडी बैल खाली ठेवला. आपटला नाही, ठेवला. तिनं मान वळवून भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे आगगाडीचे रूळ होते, आणि त्या रुळांवरून कोसच्या कोस गेल्यावर तिरोडा, आणि तिथून आत उमरबोडी. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. आपल्या माणसाला बघून लेकरू हसतं तसं. ते हसू तिनं केवळरामाला कधी दिलं नव्हतं.

"आवो, पाहा पाहा, बोलते वाटते!" गीता आनंदानं ओरडली. "बोल व माय, बोल!"

केवळराम धावला. पोरीच्या तोंडावर हात ठेवायला तो धावला, पण खोली लहान असूनही त्याला उशीर झाला.

"हाव," जमुना म्हणाली.